हॅचेलसाहेबांचं अक्षर

डब्लिनच्या किल्ल्यात, खालच्या आवारात, तिजोरीच्या इमारतीमागे पागेला लागून एक कचेरी होती. तिचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं, की ते पुरतं उच्चारेपर्यंत समोरचा चहा निवावा. गावात तिला सगळे कातड्याची कचेरी म्हणत. राजाच्या तिजोरीत जमा झालेली प्रत्येक रक्कम तिथे मेंढीच्या कमावलेल्या कातड्यावर, जुन्या वळणाच्या लिपीत, लॅटिनमध्ये लिहून ठेवायची, एवढंच तिचं काम. खरा हिशेब वरच्या मजल्यावरचे कारकून कागदी वह्यांत ठेवत. कातडं उघडून कोणी बघत नसे. सहाशे वर्षं कोणी बघितलं नव्हतं आणि सहाशे वर्षं लिहिणं काही थांबलं नव्हतं. सरकारचा कारभार हा असाच चालायचा, त्याचं आम्हा डब्लिनकरांना नवल नव्हतं.

कचेरीचे मुख्य अधिकारी लॉर्ड बॅलिनारड. त्यांनी ही कचेरी जन्मात पाहिली नव्हती. ते इंग्लंडात बाथ गावी ऊन पाण्याच्या कुंडात बसून असत आणि वर्षाला अडीच हजार पौंड घेत. त्यांचे नायब टोबायस हॅचेल. त्यांना चारशे पौंड, आणि ते महिन्यातून एकदा, पाऊस नसला तर, येऊन जात. आयत्या बिळावर एक नागोबा असतो, इथे दोन होते, एकावर एक. आणि बीळ खणणारा मलाकी डेव्हरू. हॅचेलसाहेब त्याला आपल्या खिशातून वर्षाला चाळीस पौंड देत. शिवाय कचेरीच्या माळ्यावर दोन खोल्या होत्या, तिथे तो आणि त्याची बायको ऑनर राहत.

अठराशे सोळाच्या डिसेंबरात कचेरीच्या दारावर नोटीस लागली. ती चिकटवली मलाकीनेच, कारण खळ त्याच्याइतकी चांगली कोणाला करता येत नसे. चिकटवून झाल्यावर त्याने ती वाचली. लंडनची तिजोरी आणि डब्लिनची तिजोरी येत्या पाच जानेवारीपासून एक होणार. ही कचेरी त्या दिवशी बंद. ज्यांची नावं शपथेच्या वहीत आहेत, त्यांना मरेपर्यंत वेतन मिळेल. बाकीचं सगळं चौकशीला येणारे साहेब ठरवतील.

तो जिना चढून वर गेला. ऑनर खिडकीपाशी बसून बटाट्यांचे काळे भाग कापून टाकत होती. त्या वर्षी उन्हाळा आलाच नव्हता. मे महिन्यापासून पाऊस, बटाटा शेतातच कुजलेला आणि पाव इतका महाग की लोक दुकानासमोर उभं राहून नुसता वास घेत.

"काय चिकटवून आलास?" तिने विचारलं.

"पाच तारखेला कचेरी बंद. शपथेच्या वहीत ज्यांची नावं आहेत, त्यांना पेन्शन."

"म्हणजे आपल्याला नाही."

"हॅचेलसाहेब बोलतील की. एकतीस वर्षं झाली."

"हॅचेलसाहेब बोलतील, आणि मी उद्या या गुडघ्यांनी नाचायला जाईन." तिने अर्धा बटाटा टोपलीत टाकला. "त्र्याण्णव साली मी काय म्हटलं होतं तुला? आठवतं?"

मलाकीला आठवत होतं. आठवू नये म्हणून तो चुलीपाशी जाऊन कोळसे हलवू लागला.

झालं होतं असं. मलाकी वेक्सफर्डहून डब्लिनला आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. कॅथलिकांच्या शाळांना बंदी होती, म्हणून लॅटिन त्याला कुंपणाआड चोरून भरणाऱ्या शाळेत एका पळपुट्या मास्तराने शिकवलेलं. अक्षर देखणं. पण तो कॅथलिक, आणि कॅथलिक माणसाला तेव्हा सरकारी शपथ घेता येत नसे. शपथेवाचून वहीत नाव चढत नसे आणि वहीत नाव नसताना राजाच्या कातड्याला हात लावणं हा गुन्हा होता. उलट हॅचेलसाहेबांचं नाव वहीत होतं, पण त्यांना ती जुनी लिपी ओ की ठो येत नव्हती. त्यांना फक्त स्वतःची सही येत होती. तीसुद्धा, जेवण जड झालं असेल तर, वाकडी यायची.

मग दोघांनी मिळून तोड काढली, आपल्याकडे प्रत्येक कायद्याला निघते तशी. कागदोपत्री मलाकी हॅचेलसाहेबांचा घरगडी झाला. गड्याला शपथ लागत नाही. गडी सकाळी येऊन शेगडी पेटवायचा, मग दार लावून घेऊन कातड्यावर लिहायला बसायचा, आणि प्रत्येक नोंदीखाली 'टोबायस हॅचेल' अशी सही करायचा. पहिलं वर्षभर त्याने ती सही गिरवली. पहिल्या अक्षराची खाली ओढलेली शेपटी, शेवटचा फराटा, सगळं. पुढे त्याची सही साहेबांच्या सहीपेक्षा जास्त साहेबांची दिसू लागली. याचा त्याला अभिमान होता, हेही सांगून टाकतो. घरी येऊन तो ऑनरला म्हणायचा, "आज साहेब स्वतः बघून गेले. म्हणाले, अरे, ही मी कधी केली?"

त्र्याण्णव साली कायदा बदलला. कॅथलिक माणसालाही शपथ घेऊन लहानसहान सरकारी जागा मिळायला लागली. ऑनरने त्याच रात्री त्याचा कोट घासून ठेवला. पण हॅचेलसाहेब म्हणाले, "मलाकी, घाई कसली? आता तुझं नाव चढवलं, तर आधीची आठ वर्षं कोणी लिहिलं असं विचारतील. मी गेल्यावर ही जागा तुझीच आहे." मलाकीलाही ते पटलं. भल्या माणसाला अडचणीत आणायचं कशाला, आणि कातडं वाचतो तरी कोण? घासलेला कोट खुंटीवर परत गेला. ऑनर तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आता मलाकी अठ्ठावन्न वर्षांचा होता. दुसरीकडे नोकरी मागायला जावं तर लोक विचारणार, आजवर कुठे होतास? कागदोपत्री तो कुठेच नव्हता. आणि त्या साली धडधाकट तरुणांना कोणी कामाला ठेवत नव्हतं. एकुलती मुलगी समुद्रापलीकडे न्यूफाउंडलंडला गेलेली, तिचं चार वर्षं पत्र नव्हतं. या दोन खोल्या गेल्या की पुढे एकच दार उघडं होतं. नदीपलीकडचं गरीबघर.

"तिथे पुरुष डावीकडून आत जातात आणि बायका उजवीकडून," ऑनर म्हणाली. ती आता बटाट्यांकडे बघत नव्हती. "आपली मेरी टॅफ आणि तिचा नवरा एकाच दिवशी तिथे राहायला गेले. तो वारला ते तिला नऊ दिवसांनी कळलं. भिंतीपलीकडे होता. मी उपाशी राहीन रे, मला त्याची सवय आहे. पण तू भिंतीपलीकडे नकोस मला."

एवढंच होतं मलाकीचं मागणं. वर्षाला तीस पौंड मिळाले असते, तर दोघं एका खोलीत मेली असती.

दुसऱ्या दिवशी तो हॅचेलसाहेबांच्या घरी गेला. साहेबांची बोटं संधिवाताने सुजलेली, पायही सुजून उशीवर ठेवलेला होता. शेजारी बदकाच्या हाडांनी भरलेली थाळी.

"ये, मलाकी, ये. बस. मी तुझाच विचार करत होतो."

"मग बरंच झालं, साहेब. चौकशीला साहेब येतायत, त्यांना माझ्याबद्दल एक शब्द सांगा. मी कारकून होतो एवढंच."

हॅचेलसाहेबांचे डोळे भरून आले. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मलाकीला रागावता तरी आलं असतं.

"अरे, तू मला भावासारखा आहेस. पण खरं सांगायला गेलो, तर एकतीस वर्षं मी खोटं बोललो असं होतं. माझं वेतन जाईल. बरं, गेलं तरी तुला मिळेल का? दोघंही बुडू. मी तरी तरलो तर तुला काही देईन."

"काही म्हणजे किती, साहेब?"

"ते बघू. माझी मुलगी मला बाथला बोलावते आहे, तिथली महागाई..." ते थाळीकडे बघू लागले. मग एकदम त्यांना सुचलं. "असं कर. तू तोंडानं काही बोलूच नकोस. त्यांच्यासमोर नुसतं लिहून दाखव. त्यांना डोळे आहेत. मी नाही म्हणणार नाही. हो पण म्हणणार नाही."

मलाकी घरी परतताना पुलावर थांबून विचार करत राहिला. त्याला ते पटत गेलं. अक्षर खोटं कसं बोलेल? एकतीस वर्षांची कातडी एका बाजूला आणि हा हात दुसऱ्या बाजूला. त्याने ऑनरला सांगितलं.

"हात दाखवून अवलक्षण करू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली. पण तिनेच त्याचा कोट घासून ठेवला.

तीन जानेवारीला चौकशीचे साहेब आले. नाव पेनफोल्ड. लंडनचे, चाळिशीचे, सर्दीने बेजार झालेले. त्यांनी शेगडीजवळची खुर्ची घेतली आणि भिंतीला लागून रचलेल्या गुंडाळ्यांकडे बघत विचारलं, "हे सगळं नक्की कशासाठी आहे?"

हॅचेलसाहेबांनी मलाकीकडे बघितलं. "हा माझा गडी. इथे कुठे काय आहे ते याला माहीत आहे."

मग मलाकीने सांगितलं. एक एक गुंडाळी सोडून सांगितलं. पहिला लिहिणारा मठातला एक साधू होता, त्याचं अक्षर बुटकं आणि दाट, कारण त्याला कातडं मोजून मिळायचं. दोनशे वर्षांनंतरच्या एका लिहिणाऱ्याने समासात आपल्या मांजरीचं मरण लिहून ठेवलं होतं. लढाईच्या एका वर्षी नऊ महिने तिजोरीत एक पै आली नाही, आणि तरी त्या लिहिणाऱ्याने रोज सकाळी बसून लिहिलं होतं, 'आज काही आलं नाही.' दोनशे सत्तर वेळा. पुढे शहर जळत होतं तेव्हा कोणीतरी ही कातडी हेरिंग माशांच्या पिंपांत दडवली, म्हणून त्या साठ वर्षांच्या गुंडाळ्यांना अजून पावसाळी हवेत वास मारतो.

पेनफोल्डसाहेबांनी नाक शिंकरलं. "मला काही वास येत नाही. आज तरी देवाची कृपा." ते हसले, आणि मलाकीच्या जिवात जीव आला. साहेबांनी शेवटच्या गुंडाळ्या उघडल्या. "आणि ही सुरेख सही हॅचेल यांची. पंच्याऐंशीपासून आजपर्यंत. एकही दिवस चुकला नाही. हॅचेल, तुमची तब्येत इतकी नाजूक, तरी?"

हॅचेलसाहेब म्हणाले, "परमेश्वराची दया."

आता बोललं नाही तर कधीच नाही, हे मलाकीला कळलं. तो पुढे आला. "साहेब, हरकत नसेल तर मला एक ओळ लिहून दाखवायची आहे."

पेनफोल्डसाहेबांनी भुवया उंचावल्या, पण टाक पुढे सरकवला. मलाकीने उरलेल्या कातड्याचा तुकडा घेतला, शाई पसरू नये म्हणून खडू चोळला आणि उभ्यानेच ओळ लिहिली. तारीख, राजाचं नाव, रकमेची जागा. आणि खाली सही. शेपटी, फराटा, सगळं. त्याने आयुष्यात इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.

पेनफोल्डसाहेबांनी तो तुकडा गुंडाळीला लावून धरला. मग खिडकीशी नेऊन धरला. मग त्यांनी हॅचेलसाहेबांच्या सुजलेल्या बोटांकडे बघितलं आणि पुन्हा मलाकीकडे. त्यांना कळलं होतं. ते मलाकीला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि एका क्षणापुरतं त्याला खोली, चूल, ऑनरची खुर्ची, सगळं जागच्या जागी राहिलेलं दिसलं.

साहेबांनी जाऊन दार लावून घेतलं.

"नाव काय तुमचं?"

"मलाकी डेव्हरू, साहेब."

"डेव्हरू, नीट ऐका. राजाच्या दप्तरावर दुसऱ्याच्या नावाची सही करण्याला कायद्यात एक शब्द आहे. लंडनला गेल्या वर्षी त्या शब्दापायी एका कारकुनाला फाशी दिलं. त्यानं एकदाच केली होती. इथे," त्यांनी भिंतीकडे बघितलं, "किती असतील? दहा हजार?"

मलाकीला नेमका आकडा माहीत होता.

"तेव्हा तुम्ही मला काय सांगताय, ते मी सांगतो. तुम्ही यांचे घरगडी. इतकी वर्षं यांना लिहिताना बघून बघून तुम्ही हे वळण उचललंत. बरोबर?"

हॅचेलसाहेब शेगडीकडे बघत होते. खाली पागेत कोणीतरी घोड्याला शिव्या देत होतं. मलाकीने तोंड उघडलं. पेनफोल्डसाहेब त्याला वाचवत होते, यात शंका नव्हती. आणि वाचवता वाचवता त्याची एकतीस वर्षं पुसून टाकत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त मारणारा इथे दयाळू होता.

"बरोबर, साहेब," तो म्हणाला.

"तुमच्या मालकांनी फार छान शिकवलंय तुम्हाला."

"हो, साहेब. त्यांचे उपकार आहेत."

पेनफोल्डसाहेबांनी तो कातड्याचा तुकडा शेगडीत टाकला. कातडं लवकर जळत नाही. आधी आखडलं, मग खोलीभर घाण वास सुटला, आणि तिघंही ते बघत बसले. त्यानंतर साहेबांनी यादीत लिहिलं: लॉर्ड बॅलिनारड, पूर्ण वेतन, तहहयात. टोबायस हॅचेल, पूर्ण वेतन, तहहयात. इतर कोणी नाही.

पाच तारखेला शेवटची नोंद करायची होती. हॅचेलसाहेबांची बोटं अर्थातच दुखत होती. मलाकीने दार लावून घेतलं, नोंद केली, सही केली, आणि कातडं वाळेपर्यंत थांबून गुंडाळी शिवून टाकली. सही सोडून द्यावी असं त्याच्या मनात आलं होतं. पण सहीवाचून गुंडाळी अपुरी राहिली असती, आणि अपुरं काम त्याच्याने होत नसे. या माणसाचं काय करावं ते ऑनरला चाळीस वर्षांत कळलं नाही, मला तरी कुठून कळणार?

हॅचेलसाहेब बाथला गेले. जाताना त्यांनी दहा पौंड आणि आपला जुना झगा दिला, आणि मलाकीच्या गळ्यात पडून रडले. झगा मार्चमध्ये विकला गेला. दहा पौंड जुलैपर्यंत पुरले. ऑनरने शिवणकाम घेतलं, मलाकीने लोकांची पत्रं आणि अर्ज लिहून दिले. पण त्या साली लोकांपाशी पत्राचे पैसे नव्हते आणि अर्ज ऐकायला कोणी नव्हतं. मग तापाची साथ आली. माळा सुटल्यावर दोघं एका भाड्याच्या खोलीत राहत होती, तिथल्या घरमालकिणीने त्यांना सप्टेंबरपर्यंत ठेवून घेतलं, आणि तिने तरी किती दिवस ठेवावं?

ऑक्टोबरातल्या एका सकाळी दोघं नदी ओलांडून गेली. गरीबघराच्या फाटकात रांग होती. आत एक मेज, त्यावर भली मोठी वही, आणि वहीमागे चष्मा लावलेला नोंदणीवाला. त्याचं नाक जवळजवळ कागदाला टेकलेलं.

"नाव?"

"मलाकी डेव्हरू. आणि ही माझी बायको, ऑनर."

"बायका उजवीकडे." त्याने वर न बघताच सांगितलं.

ऑनरने मलाकीच्या कोटाची कॉलर सरळ केली. एवढ्या माणसांत तिला रडायचं नव्हतं. "तुझं नाव नीट लिहून घे त्याच्याकडून," ती म्हणाली. "सरकारी वहीत पहिल्यांदाच चढतंय." मग ती गुडघे सावरत उजवीकडच्या दाराने गेली. दार जड होतं, आतल्या बाईने ते खांद्याने ढकलून लावलं.

मलाकी तिथेच उभा राहिला. नोंदणीवाला वहीशी झगडत होता. त्याने दोन ओळी एकावर एक लिहिल्या, जीभ चावली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"तुम्ही दुसऱ्या ओळीवर लिहिलंत, साहेब," मलाकी हळूच म्हणाला.

"तुला वाचता येतं?"

"लिहिताही येतं."

नोंदणीवाल्याने पहिल्यांदा त्याच्याकडे निरखून बघितलं. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "हे बघ, आजोबा. माझे डोळे गेलेत. वरच्यांना कळलं तर माझी जागा जाईल, घरी पाच पोरं आहेत. तू मागच्या खोलीत बसून ही वही लिहीत जा. नाव मात्र माझंच राहील. त्या बदल्यात रविवारी पाव तास तुला बायकांच्या बाजूला सोडत जाईन. कोणाला सांगायचं नाही."

मलाकीने बंद झालेल्या दाराकडे बघितलं. आज सोमवार होता. त्याने बाही वर सारली आणि टाक उचलला.

"आपली सही कशी असते, साहेब?" त्याने विचारलं. "एकदा करून दाखवा."